एक बाटली जहाजावरची, एक चांगीची, दोन मुंबईच्या

मी दारूला शिवत नाही, पण परदेशातून आमच्या घरात आलेली प्रत्येक बाटली माझ्या हातानं बांधलेली असते. ह्यांना चव कळते, मला पावती कळते. बँकेत कॅश काउंटरवर आयुष्य गेलं, त्यामुळे एक आकडा दिसला की त्याच्यामागचा दुसरा शोधायची खोड आहे. सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ नुकतीच करून आलो. पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. यावेळी मी ठरवूनच बाटल्या तीन ठिकाणांहून घेतल्या: एक जहाजावरच्या दुकानातून, एक सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आणि उरलेल्या दोन मुंबईत उतरल्यावर. आपल्या कस्टम्सची सूट माणशी दोन लिटर, आम्ही दोघं, म्हणजे चार लिटर. हिशेब संपला.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. विमानानं घरी परतणाऱ्यानं जहाजावर व्हिस्की घेण्यात काही राम नाही. बाटली विकत घ्यायला दोन मिनिटं लागतात, घरी न्यायला खरी कसरत, आणि जहाजावरची बाटली सगळ्यात लांबच्या वाटेनं घरी येते.

तर आधी जहाजाचं दुकान. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे. दुकान थिएटरच्या वाटेवरच थाटलेलं, म्हणजे रात्रीच्या कार्यक्रमाला जाणारा प्रत्येक माणूस बाटल्यांच्या भिंतीसमोरून जाणारच. जहाज बंदराला लागलेलं असेल तेव्हा कुलूप. सिंगापूरचा किनारा मागे पडला आणि मग दिवे लागले, दोऱ्या काढल्या, आणि दिवाळीच्या आधी नागपूरच्या सीताबर्डी बाजारात असते तशी झुंबड उडाली. पेनांगला आणि फुकेतला थांबलो तेव्हा पुन्हा बंद. करमाफी भर समुद्रातली, त्यामुळे बंदरात विक्री नाही, हे कळलं की चिडचिड होत नाही. पण दुपारी फिरून आल्यावर निवांत बघू असं ठरवून बसाल तर दार बंद मिळेल.

काउंटरवर मडगावचा एक मुलगा होता. आमचं मराठी ऐकून तो स्वतःहूनच मराठीत बोलू लागला. जहाजांवर गोव्याची पोरं भेटतातच, आणि ती भेटली की खरी माहिती मिळते. मी विचारलं, "बाटली आत्ता खोलीवर नेता येईल ना?" तो हसला. "नाही आंटी. आत्ता फक्त पैसे. बाटली शेवटच्या संध्याकाळी." खोलीचं कार्ड मशीनवर टेकवलं, पैसे खोलीच्या बिलात गेले, आणि हातात आली एक चिठ्ठी. बहुतेक जहाजांवर हीच पद्धत आहे. बारमध्ये पेग विकायचा असतो, मग तुम्ही स्वतःची बाटली खोलीत उघडून बसलात तर त्यांचं कसं चालणार? किनाऱ्यावरून आणलेली बाटलीसुद्धा जहाजावर चढताना सुरक्षा तपासणीत काढून घेतात, पावती देतात आणि शेवटी परत करतात.

निवड बरी होती. नेहमीच्या स्कॉच, थोड्या सिंगल माल्ट, एकदोन जपानी, वाइन जेमतेम. काही बाटल्यांवर "फक्त प्रवाशांसाठी" अशा अर्थाची चिठ्ठी होती, म्हणजे शहरातल्या दुकानात न मिळणारी. ह्यांचा जीव त्यातल्याच एका एक लिटरच्या सिंगल माल्टवर बसला आणि जहाजाची आमची बाटली ती झाली. बाकीच्या बाटल्यांच्या किमतींचे मी फोनवर फोटो काढून ठेवले. चांगीला पोचल्यावर ताडून पाहिलं. ज्या बाटल्या दोन्हीकडे होत्या, त्यातली एकही जहाजावर स्वस्त नव्हती. शेवटच्या दिवसाचा सेल जो म्हणतात तो अत्तरं, घड्याळं आणि पर्सेसवर, व्हिस्कीवर नावापुरता.

आणि ती तीन बाटल्यांची ऑफर! "तीन घ्या, एवढे वाचवा." आमच्या क्रूझच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी त्या फलकासमोर हिशेब मांडला. एक लिटरच्या तीन म्हणजे तीन लिटर, आणि सूट दोनची. बरं, ७० सेंटिलिटरच्या तीन घेतल्या तर दोन लिटर शंभर मिली. तिथेही शंभर मिलीनं रेघ ओलांडली जाते. ड्यूटी फ्रीमध्ये एक लिटरची बाटली का घ्यायची तर यासाठी: दोन बाटल्या, बरोबर दोन लिटर, कुणाला काही समजावत बसायला नको.

आता खरी मेख. आपण सगळे भारताचा नियम पाठ करून जातो आणि सिंगापूरचा कुणी वाचत नाही. पण क्रूझ संपल्यावर तुम्ही सिंगापूर देशात प्रवेश करता. मरिना बेच्या क्रूझ सेंटरवर उतरलात की इमिग्रेशन, मग कस्टम्स, मग टॅक्सी. "आम्ही तर रात्रीच्या विमानानं जाणारच आहोत" हे सांगून भागत नाही, कारण मधले काही तास तुम्ही तुमच्या बाटल्यांसकट सिंगापुरात असता.

आणि त्यांची सूट आपल्यापेक्षा वेगळ्या चालीची आहे. एकूण दोन लिटर खरे, पण त्यात व्हिस्की, रम, ब्रँडीसारखं कडक मद्य एकच लिटर. दुसरा लिटर वाइनचा किंवा बिअरचा. कडक काहीच नको असेल तर दोन लिटर वाइन, नाहीतर दोन लिटर बिअर, नाहीतर दोन्ही एकेक. पण दोन लिटर व्हिस्की कुठल्याच पर्यायात बसत नाही. म्हणजे जहाजावरून माणशी दोन व्हिस्कीच्या बाटल्या घेऊन उतरणारा माणूस मुंबईच्या नियमात चोख असतो आणि सिंगापूरच्या नियमात एक लिटरनं जास्त असतो.

तीही सूट सगळ्यांना नाही. वय १८ पूर्ण हवं, सिंगापूरबाहेर सलग ४८ तास काढलेले हवेत, आणि तुम्ही मलेशियातून येत असता कामा नये. शनिवार-रविवारची दोन रात्रींची क्रूझ संध्याकाळी सुटून तिसऱ्या दिवशी सकाळी परत येते. तास मोजा, ४८ भरत नाहीत. आमची चार रात्रींची होती आणि शेवटचा थांबा थायलंडमधलं फुकेत, म्हणून आम्ही बसलो त्यात. ज्यांची क्रूझ लंकावीहून थेट सिंगापूरला येते त्यांनी विशेष जपावं. लंकावी हे १९८७ पासून करमुक्त बेट, तिथे दारू आणि चॉकलेट स्वस्त म्हणून लोक पिशव्या भरतात. पण लंकावी मलेशियात आहे. तिथून सिंगापूरला आलात की सूट शून्य, पहिल्या मिलीपासून कर.

कर किती, तर कडक मद्यातल्या शुद्ध अल्कोहोलच्या दर लिटरला ८८ सिंगापूर डॉलर. ४० टक्क्यांची एक लिटरची बाटली घ्या: त्यात अल्कोहोल ०.४ लिटर, म्हणजे ३५ डॉलर २० सेंट. त्यावर ९ टक्के जीएसटी, तोही बाटलीची किंमत आणि कर यांच्या बेरजेवर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. लाल मार्गानं जाऊन स्वतःहून सांगितलं, किंवा त्यांच्या कस्टम्सच्या ॲपवर आधीच भरलं, तर कर देऊन सुटका होते. गप्प राहून हिरव्या मार्गानं चालत गेलात आणि सापडलात तर प्रकरण दंडावर जातं. सिंगापूर हा असे प्रयोग करायचा देश नाही. सिगारेटवाल्यांनी तर विचारूच नये: सिगारेटला तिथे सूटच नाही, एका पाकिटालाही कर.

जहाजावरच्या त्या चकचकीत काउंटरवर यातलं एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तीन बाटल्यांची ऑफर मात्र हातभर मोठ्या अक्षरांत. मला राग याचा आला. मडगावच्या मुलानं विचारल्यावर सगळं नीट सांगितलं, पण विचारणार कोण? ज्याला शंका येते तोच ना.

शेवटच्या संध्याकाळचा कारभार तर आणखी भारी. बाटल्या द्यायची वेळ आणि आमची जेवणाची वेळ एकच. रांग थिएटरच्या दारापर्यंत. चिठ्ठी दाखवा, खोलीचा नंबर सांगा, सही करा, मग आतून एक मुलगी खोकं शोधून आणणार. आमच्या पुढच्या गृहस्थांना दुसऱ्याच कुणाचं तरी खोकं मिळालं, ते परत गेलं, पुन्हा शोधाशोध. आणि इकडे घड्याळ पळत असतं, कारण त्याच रात्री सामानाला रंगीत पट्ट्या बांधून बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीत जहाजवाले त्या उचलतात आणि सकाळी धक्क्यावर मिळतात. म्हणजे बाटली हातात येते तेव्हा बॅग बांधून झालेली, कुलूप लागलेलं. लोक मग ती तशीच पिशवीत घेऊन फिरतात, आणि पुढचा घोळ तिथून सुरू होतो.

आम्ही एक कडक कवचाची ट्रॉली मागेच ठेवली होती. ती बाहेर ठेवलीच नाही, सकाळी स्वतः ओढत उतरलो. तसं करायला परवानगी असते, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं. त्या ट्रॉलीत बाटलीची जागा आधीच करून ठेवली होती. माझी बांधायची रीत अशी: झाकणावर क्लिंग फिल्मचे चार वेढे, मग चेन बंद होणारी जाड प्लास्टिकची पिशवी, हवा काढून. त्यावर ह्यांचा जुना टर्किश टॉवेल गच्च गुंडाळायचा, आणि टॉवेल बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे, कुठेही कवचाला टेकू द्यायचं नाही. बाटलीचं शोभेचं खोकं मी ठेवत नाही. जागा खातं आणि आत बाटली हलते. ह्यांना वाईट वाटलं, पण खोकं जहाजावरच राहिलं. एक लिटरची काचेची बाटली दीड किलोच्या पुढे भरते, तेव्हा बॅगेच्या वजनात तेवढी सोय हवी.

विमानाचा नियम तसा सोपा आहे. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेलं मद्य चेक-इन बॅगेत माणशी पाच लिटरपर्यंत चालतं, बाटली सीलबंद हवी. २४ टक्क्यांपर्यंतच्या वाइन-बिअरला विमानापुरती ही मर्यादा नाही. ७० टक्क्यांच्या वरचं काहीच चालत नाही, बॅगेतही नाही आणि हातातही नाही.

जहाज सकाळी लागतं, मुंबईचं विमान रात्री. दिवसभर बॅगा सांभाळायच्या कुठे? चांगीला लागून असलेल्या ज्वेल मॉलमध्ये काही विमान कंपन्यांचं लवकर चेक-इन असतं. आमच्या कंपनीचं होतं. बॅगा दुपारीच देऊन टाकल्या, आत टॉवेलमधली बाटली. मग रिकाम्या हातांनी तिथला चाळीस मीटरचा धबधबा बघत बसलो. जहाजाच्या बाटलीनं पूर्ण प्रवासात मला शांतता दिली ती एवढाच वेळ.

ज्यांनी हातात ठेवली त्यांचं काय झालं तेही सांगते. चांगीच्या टर्मिनल १, २ आणि ३ ला सुरक्षा तपासणी अगदी गेटच्या दाराशी होते, इमिग्रेशनच्या वेळी नाही. त्यामुळे माणूस पासपोर्टवरून पुढे जातो, दुकानांतून फिरतो, कुणी अडवत नाही, आणि त्याला वाटतं जमलं. आमच्या ग्रुपमधले एक काका असेच निर्धास्त होते. जहाजाच्या कागदी पिशवीत बाटली, वर जहाजाची पावती. गेटवर यंत्रातून पिशवी गेली आणि थांबली. तिथल्या बाईंनी शांतपणे बाटली बाहेर काढून टेबलावर ठेवली. काका म्हणाले, ड्यूटी फ्री आहे, ही पावती बघा. बाईंनी शेजारच्या प्रवाशाची पारदर्शक पिशवी बोटानं दाखवली: लाल किनार, तोंड चिकटवून बंद, आत पावती दिसते आहे. शंभर मिलीपेक्षा जास्त द्रव हातात न्यायचा तर अशाच, छेडछाड झाल्यास कळेल अशा सीलबंद पिशवीत हवा. जहाजाची पिशवी त्यात बसत नाही. बॅगा केव्हाच विमानात गेलेल्या, मागे फिरायला वेळ नाही. बाटली तिथेच राहिली. काका विमानात बसेपर्यंत कुणाशी बोलले नाहीत, आणि काकू मात्र मुंबईपर्यंत बोलायच्या थांबल्या नाहीत.

चांगीच्या दुकानाबद्दल मात्र चांगलंच बोलावं लागेल. निवड जहाजाच्या कितीतरी पट, चाखायला घोटभर देतात, आणि बोर्डिंग पास बघून काउंटरवरची मुलगी स्वतःच म्हणाली, "मुंबई? माणशी दोन लिटर. आधी काही घेतलंय का?" हा प्रश्न जहाजावर कुणी विचारला नव्हता. बाटली पिशवीत, पावती आत, तोंड बंद. पिशवी घरी पोचेपर्यंत उघडायची नाही, एवढंच सांभाळायचं. गेटवर तीच पिशवी यंत्रातून सरळ गेली. उणीव म्हणाल तर ओझं: विमानात डोक्यावरच्या कप्प्यात काचेची बाटली ठेवली की कुणी बॅग ढकलली तरी माझं लक्ष तिकडे. शेवटी पायाशी घेतली.

मुंबईला टर्मिनल २ वर इमिग्रेशन झालं की बॅगांच्या पट्ट्यांच्या आधीच ड्यूटी फ्री लागतं. परतणाऱ्या प्रवाशासाठी खरी सोय ही. ना सिंगापूरचं कस्टम्स, ना गेटवरची तपासणी, ना डोक्यावरचा कप्पा. इथे घेतलेली बाटली बाहेरून आणलेल्या बाटल्यांसोबतच त्या दोन लिटरमध्ये मोजली जाते, हे मात्र ध्यानात ठेवायचं. "विमानतळावर घेतली म्हणजे वेगळी" असं नाही. आमच्या दोन उरल्या होत्या, दोनच घेतल्या. भाव चांगीच्या आसपास, काही थोड्या महाग, एखादी स्वस्त. पहाटेच्या वेळी एकामागून एक विमानं उतरतात तेव्हा गर्दी असते आणि निवांतपणे निवडता येत नाही, ही एक तक्रार. आमचा मुलगा सोबत होता, वय २२. एका मैत्रिणीनं आधीच सुचवलं होतं, त्याच्या पासपोर्टवरही दोन लिटर घ्या. सिंगापूरला १८ चालतात, महाराष्ट्रात कडक मद्याला २५ लागतात. नको ती भानगड म्हणून त्याच्या नावावर चॉकलेटं घेतली.

नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूरकडे पुढचं विमान पकडणाऱ्यांसाठी एक काम उरतं. मुंबईत कस्टम्स झालं की बॅगा पुन्हा द्यायच्या असतात. त्याच्या आधी, पट्ट्याजवळच, बॅग जमिनीवर उघडा आणि हातातल्या सगळ्या बाटल्या आत घाला. देशांतर्गत सुरक्षा तपासणीत सीलबंद पिशवीवरून वाद घालत उभं राहण्यापेक्षा दहा मिनिटं गुडघ्यावर बसणं परवडलं. माझ्याकडे टॉवेल एकच होता, तेव्हा दोन जीन्सच्या पायांत एकेक बाटली सरकवली आणि तिसरी माझ्या शालीत. लोक बघत होते. बघू देत.

नागपूरला चारही बाटल्या धडधाकट पोचल्या. वर्ध्याच्या भावाचा फोन लगेच आला, "ताई, मले काय आनलं?" त्याला चॉकलेट. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, करमुक्त असो की करासकट, बाटली तिकडे न्यायची नाही. गडचिरोलीतही १९९३ पासून तेच. त्याला प्यायचीच असेल तर त्यानं नागपूरला यावं, आणि तो येतो.

जहाजावरची ती खास प्रवाशांसाठीची बाटली आमच्या व्याह्यांच्या उपस्थितीत उघडली. दोघांनी बराच वेळ ग्लास फिरवला, वास घेतला, पुन्हा फिरवला. व्याही म्हणाले, गोड आहे, पहिल्या घोटाला छान, मग पातळ लागते. हे म्हणाले, वय लिहिलेलं नाही बाटलीवर, नुसतं नाव मोठं. मी मागचं लेबल वाचलं, खरंच वर्षांचा आकडा कुठेच नव्हता. त्यानंतर दोघांनी चांगीची बारा वर्षांची उघडली, आणि जहाजाची बाटली अजून अर्धी कपाटात आहे. आता ती पाहुण्यांना मिळते, तेही सोडा मागणाऱ्यांना.

जहाजाच्या दुकानाला पाचपैकी दोन, आणि त्यातला एक मडगावच्या मुलाचा. चांगीला साडेचार. मुंबईला चार, पहाटेची गर्दी आवरली तर साडेचार द्यायला माझी हरकत नाही.